गेमचा डबा गेमलाच ठेवा की ओ!

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत गेली तीसेक वर्षं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान चालवतो. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळं भाषा इकडंतिकडं झाली तर सांभाळून घ्या. विषय तसा छोटाच आहे पण दिवाळीपासून दोन दिवसाआड एक तरी माणूस तोच प्रश्न घेऊन काउंटरवर येतोय, म्हणून म्हणलं एकदाच लिहून टाकावं. प्रश्न असा की "काका, पोराला गेमचा डबा घेतोच आहे तर मग सगळं त्याच्यावरच बघायचं का, पिक्चर, सिरियल, मॅच, यूट्यूब, एकाच डब्यात सगळं होतंय म्हणतात." डबा म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारखं टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन. माझं म्हणणं, डबा घ्या, खुशाल घ्या, पण त्याला हॉलमधल्या टीव्हीचा मालक करू नका.

परवाचीच गोष्ट. मार्केट यार्डाच्या बाजूला राहणारं एक गिऱ्हाईक बाजाराच्या पिशवीत डबा घालून आलं. म्हणे चालू होतंय आणि दहा मिनिटांत बंद पडतंय, आणि आवाज तर असा की शेजारचे विचारतात पिठाची गिरणी टाकली का. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण चूक कंपनीची नव्हतीच. स्क्रू काढून वरचं झाकण उचललं तर आत सगळं पिवळंधमक! फॅनची पाती पिवळी, त्यामागं उष्णता बाहेर टाकायला अ‍ॅल्युमिनियमची बारीक जाळी असते ती तर हळदीनं लिंपून काढल्यासारखी. यार्डात हळदीचा सीझन असला की आसपासच्या घरांत काय अवस्था असते ते सांगलीकरांना सांगायला नको, आणि हा फॅन दिवसभर तीच हवा आत ओढत होता. ब्लोअर मारल्यावर दुकानभर असा वास सुटला की माझ्या हाताखालचा पोरगा म्हणला, "काका, नवरदेव कुठाय?"

मी विचारलं गेम किती खेळता. तर म्हणे गेम काय, पोरगं शनिवार रविवारी दोन तास. मग एवढा जाम कसा झाला? तेव्हा सगळं बाहेर आलं. सकाळी सहाला आईंचे अभंग त्याच्यावर, मग नाष्ट्याला बातम्या, दुपारी मिसेसच्या रेसिप्या, संध्याकाळी सिरियली, रात्री ह्यांची मॅच नाहीतर पिक्चर, म्हणजे दहा दहा तास डबा चालू, तोही काचेच्या शोकेसमध्ये, आणि वर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल! साहेब, त्या रुमालानं धूळ थांबली नाही, गरम हवा तेवढी आत कोंडली.

खरी गंमत पुढंच आहे. डबा आठ दिवस तरी माझ्याकडं राहणार म्हणल्यावर ते म्हणाले तोवर टीव्हीची कायतरी सोय करा, आई जेवायला बसंना झाल्यात. म्हणून संध्याकाळी घरी गेलो. बघतो तर भिंतीवर चांगला ४३ इंची स्मार्ट टीव्ही! त्याचा रिमोट ड्रॉवरमध्ये, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. सेल टाकले, होमचं बटण दाबलं, घरचं वायफाय जोडलं, यूट्यूब उघडलं आणि आज्जींचे अभंग लावून दिले. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. आज्जी माझ्याकडं बघतायत, लेकाकडं बघतायत, म्हणाल्या, "म्हंजे इतके दिवस हे हितंच हुतं व्हय? मग त्या पोराच्या पाया का पडायला लावत हुतासा मला?"

पाया पडणं म्हणजे काय ते मला त्यांच्याकडूनच कळलं. त्या डब्याचा कंट्रोलर, दोन्ही हातांत धरायचा, त्याला वीसेक बटणं, आज्जींच्या बोटांना संधिवात. एक बटण चुकलं की स्क्रीनवर भलतंच काहीतरी येणार. गादीवर ठेवला की खालची चापासारखी बटणं दाबली जातात आणि अभंग एकदम पुढं पळतो. त्यात चार्जिंग संपलं की विषयच संपला, नातू शाळेतून येईपर्यंत आज्जी गप्प बसून. टीव्हीच्या रिमोटला दोन सेल घातले की वर्षभर बघावं लागत नाही, आणि अंधारातसुद्धा म्हातारं माणूस आवाजाचं बटण बरोबर शोधतं.

आता कुणी म्हणेल काका जुन्या काळातले, नवीन काही आलं की नाक मुरडतात. तसं नाही. एका डब्यात दोन कामं आपल्याला नवीन थोडीच आहेत, टू-इन-वन घरोघरी होता की, रेडिओ आणि टेप एकत्र. पण त्यात टेपचा पट्टा तुटला तरी रेडिओ चालायचा. मी कितीतरी असे टू-इन-वन बघितलेत ज्यांची टेप दहा वर्षं बंद होती आणि सकाळच्या बातम्या चालू होत्या. ह्या डब्यात सगळा कारभार एका बोर्डावर. टीव्हीची वायर जिथं लागते ती एचडीएमआयची पिन वाकली (आणि ती वाकतेच, माझ्याकडं येणाऱ्या डब्यांत हीच तक्रार सगळ्यात जास्त, टीव्हीमागं हात घालून वायर ओढतात) की गेमही गेला, अभंगही गेले, मॅचही गेली.

आणि एकेकाळी ह्या डब्यांनी खरंच घराची सोय केली होती, ते मीच सांगतो. १९९४ चं पहिलं प्लेस्टेशन, त्यात गाण्याची सीडी वाजायची. २००० साली प्लेस्टेशन २ आलं, त्यात डीव्हीडी चालायची, तेव्हा नुसता डीव्हीडी प्लेअर घ्यायचा तरी चांगले पैसे पडायचे, मग परदेशात कितीतरी लोकांनी गेमबरोबर प्लेअर फुकट म्हणून तेच घेतलं. ते १६ कोटींच्या घरात खपलं त्यात ह्याचा वाटा होताच. आमच्याकडं मात्र त्याचा वांधा झाला. एकानं भावाकडून मागवलेलं प्लेस्टेशन २ दुकानात आणलं, म्हणे बिघडलंय, लग्नाची सीडी घेत नाही. बघितलं तर काही बिघडलं नव्हतं, लग्न व्हीसीडीवर होतं आणि ते मशीन व्हीसीडी चालवतच नाही! तेव्हा सांगलीत सगळं व्हीसीडीवरच, पिक्चर, कीर्तन, लग्न, बारसं. शेवटी मी त्यांना हजार बाराशेचा साधा प्लेअर दिला, तर तो कसलीही चरे पडलेली सीडी ओढायचा.

मग २००६ ला प्लेस्टेशन ३ आलं ब्लू-रे घेऊन, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्वच्छ चित्राची पुढची चकती. अमेरिकेत किंमत ५०० आणि ६०० डॉलर, लोक ओरडले महाग म्हणून, पण त्याच वर्षी नुसता ब्लू-रे प्लेअर १००० डॉलरला निघाला होता, म्हणजे गेमचा डबा प्लेअरपेक्षा स्वस्त! सोनी कंपनीनं सुरुवातीला तोटा सोसून विकला. समोर तोशिबाची तसलीच दुसरी चकती, एचडी डीव्हीडी होती, २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबानं हात टेकले, आणि ब्लू-रे जिंकला त्यात घरोघरी गेलेल्या ह्या डब्यांचं काम मोठं. तोपर्यंत ठीक होतं, कारण टीव्हीला जे जमत नव्हतं ते डबा करत होता.

आता उलटं झालंय. टीव्हीत ॲप आले आणि डब्यातून चकती जायला लागली. प्लेस्टेशन ४ नं गाण्याची सीडी वाजवणं बंद केलं. ५ आलं ते दोन प्रकारात, एकाला चकतीची फटच नाही. २०२४ च्या प्रो मॉडेलला तर ड्राइव्हच दिला नाही, पाहिजे तर वेगळे पैसे टाकून घ्या. म्हणजे बघा, जे टीव्ही करू शकत नाही ते काढून टाकलं आणि जे टीव्ही आधीच करतोय ते वर चिकटवलं आणि म्हणायचं हे घरचं मनोरंजन केंद्र. अहो कसलं केंद्र?

ह्यात मायक्रोसॉफ्टची गोष्ट मला फार आवडते. २०१३ च्या मे महिन्यात त्यांनी एक्सबॉक्स वन दाखवलं, तेव्हा गेम राहिले बाजूला आणि टीव्ही टीव्हीच जास्त. केबलचा सेटटॉप बॉक्स आधी त्या डब्यात जोडायचा आणि डब्यातून टीव्हीला, वर कॅमेरा बसवायचा, तोंडानं हुकूम सोडायचा की चॅनेल बदलणार. किंमत ५०० डॉलर, आणि त्याच हंगामात प्लेस्टेशन ४ आलं ४०० ला. लोक कुठं गेले सांगायला नको. वर्षाच्या आत कॅमेऱ्याशिवायचं स्वस्त मॉडेल काढावं लागलं, आणि २०२० च्या नव्या एक्सबॉक्सला तर सेटटॉप बॉक्स जोडायचं भोकच ठेवलं नाही. मी मनात आमच्या केबलवाल्याला उभा केला, तो "सिग्नल येत नाही" म्हणून घरी आलाय आणि त्याला तीन डबे एकात एक गुंतलेले दिसतायत. पळूनच गेला असता.

तिकडं निन्टेन्डो ह्या भानगडीत जास्त पडलंच नाही. त्यांच्या वी (Wii) नावाच्या डब्यात डीव्हीडी चालत नव्हती तरी १० कोटींच्या वर खपला, त्यांच्याच स्विच नावाच्या डब्यावर नेटफ्लिक्स कधी आलंच नाही तरी १५ कोटींच्या वर गेला. गेम चांगले असले की लोक गेमसाठी घेतात. आपल्याकडं नव्वदीत ती पिवळी कॅसेट फुंकून लावायचा टीव्ही गेम होता, त्यात काय पिक्चर दिसत होता का? तरी अख्खी गल्ली एका घरात.

विजेचं पण सांगतो, ते माझ्या धंद्याचंच आहे. प्लगमध्ये लावायचं वॅटचं मीटर आहे माझ्याकडं. तो हळदीचा डबा दुरुस्त झाल्यावर लावून बघितला, मोठा गेम चालू असताना २०० वॅटच्या आसपास आणि नुसतं यूट्यूब लावलं तरी ६० च्या जवळ, टीव्हीचं वेगळं. टीव्हीमागं लावायची जी काडी मिळते (स्टिक म्हणतात, टीव्हीवर यूट्यूब-पिक्चरचे ॲप चालवते) ती ३-४ वॅट घेते. दहा तास रोज धरले तर डब्याचे महिन्याला १८ युनिट, काडीचं सव्वा युनिट. १८ युनिटनं कुणी भिकेला लागत नाही हे मान्य, पण ज्यांचं बिल १०० युनिटच्या काठावर असतं त्यांना वरच्या स्लॅबचा दर किती लागतो ते विचारा. आणि लाईट! आमच्याकडं वळवाच्या पावसात दिवसातून चार वेळा जाते. टीव्ही लाईट आली की बटण दाबून चालू. डब्याला कायम शंका, मला नीट बंद केलं नव्हतं म्हणून मेसेज देतो, डिस्क तपासत बसतो. हार्डडिस्क असलेले जुने डबे तर त्यानंच गेलेत कितीतरी.

दुसरी बाजू पण आहे, नाही म्हणत नाही. स्वस्तातल्या स्मार्ट टीव्हीचं सॉफ्टवेअर तीन चार वर्षांत रडायला लागतं, ॲप उघडायला चहा पिऊन यावं लागतं, तिथं गेमचा डबा मख्खन चालतो. जुना साधा एलसीडी असेल आणि डबा घरात असेलच तर बघा की त्याच्यावर, कोण अडवतंय. ज्यांच्याकडं ब्लू-रेचा खजिना आहे त्यांनी तर ड्राइव्हवालाच डबा घ्यावा. माझा भाचा माझ्याशी ह्यावरून दोन तास भांडला आणि चित्राच्या क्वालिटीबाबत तो बरोबर होता. पण टीव्ही स्लो झाला म्हणून पन्नास हजाराचा डबा नको, तीन चार हजाराची काडी पुरते.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा कुठल्याच जाहिरातीत येत नाही. पूर्वी पोरगं दहावीला गेलं की आई गेम उचलून कपाटात ठेवायची, किल्ली कमरेला. आता ठेवून बघा! गेम कपाटात म्हणजे आज्जींचे अभंग कपाटात, सासऱ्यांची मॅच कपाटात, तिची स्वतःची सिरियल कपाटात. मग गेम हॉलमध्येच राहतो आणि पोरगं पण तिथंच. दोन गोष्टी वेगळ्या असल्या तर एक बंद करता येते, एवढं साधं आहे.

तुमच्या पेपरमधून दुकानदार मंडळींना एक विनंती पोचवा. हप्त्यावर डबा विकताना गिऱ्हाइकाला एकदा विचारा, घरचा टीव्ही कुठला आहे, आणि त्याचा रिमोट पिशवीतून काढलाय का.

तो हळदीचा डबा तयार होऊन दहा दिवस झाले, माझ्या काउंटरवरच आहे. पोराचा रोज शाळा सुटल्यावर फोन येतो, "काका झाला का?" मी म्हणतो झाला. वडलांचा रात्री फोन येतो, "काका, वार्षिक परीक्षा होईपर्यंत अजून दोन पार्ट मिळंनात म्हणून सांगा." आता ह्यात मी खोटं कसं बोलू तेवढंच सुचंना झालंय.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक, सांगली