माळ्यावरचा सर्व्हर खाली येतो आहे

बंगळुरू, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण असे, की आपले फोटो आणि भजने साठवणारा सर्व्हर माळ्यावरून उतरवून हॉलमधल्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात ठेवण्याचे मी ठरवले आहे आणि शनिवारी सकाळी यायला इलेक्ट्रिशियनला सांगूनही ठेवले आहे. फोनवर बोललो असतो तर बाबांनी "बघू" म्हणून विषय मिटवला असता.

गुरुवारी टीव्हीवर फोटो दिसेनात, तेव्हा केबलच्या तोंडाशी दिवा लागतो का, असे मी विचारले आणि बाबांनी "हिरवा स्थिर आहे, पिवळा लुकलुकतो आहे" असे इतक्या शांतपणे सांगितले, की ते स्टुलावर उभे राहून बोलत असतील अशी शंकाही मला आली नाही. ते मला शुक्रवारी आईकडून कळले (तिच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारले). एकदा पाहायला, एकदा डबा खाली काढायला आणि संध्याकाळी तो परत ठेवायला, अशी तीनदा चढउतार झाली आणि दुपारची प्रेशरची गोळी साडेतीनला घेतली गेली. ही सगळी दगदग माझ्या चुकीमुळे झाली, हे मला टोचते आहे.

चूक अशी, की दिवाळीत मी सर्व्हरला घरच्या नेटवर्कवरचा १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा लिहून दिला होता. बुधवारी राऊटर बदलला आणि नव्या राऊटरने घरातले सगळे पत्ते १९२.१६८.०ने सुरू होणारे केले. बाबांच्या फोनने नवा पत्ता आपोआप घेतला. सर्व्हर मात्र जुन्याच पत्त्यावर बसून, आता घरात नसलेल्या १९२.१६८.१.१ला, म्हणजे जुन्या राऊटरला, हाका मारत राहिला. 'आयपी ए' ही पत्ता दाखवणारी आज्ञा सर्व्हरला देऊन बाबांनी पडद्यावरचे आकडे वाचले तेव्हाच मला उलगडा झाला. केबल, कार्ड, डिस्क सगळे ठणठणीत होते. पत्ता देण्याचे काम मी डीएचसीपीवर, म्हणजे राऊटरवरच सोडले असते, तर तुम्हाला कळलेही नसते.

नेटप्लॅनच्या, म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्क मांडणीच्या, फाइलमधून जुना पत्ता, गेटवे (राऊटरचा पत्ता) आणि नेमसर्व्हर (नावांवरून पत्ते शोधून देणारा) काढून 'डीएचसीपी४ : ट्रू', म्हणजे 'पत्ता राऊटरकडून घे', असे लिहिल्यावरही ती फाइल चूक दाखवत होती. मी इथे तर्क लढवत असताना बाबा म्हणाले, "ही ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकली आहे." त्या फाइलमध्ये समासातल्या रिकाम्या जागांनाही अर्थ असतो, हे मी त्यांना सांगितलेलेच नव्हते, पण प्रेसमधली नजर ती. पुढे 'नेटप्लॅन ट्राय' दिल्यावर १२० सेकंदांत एंटर दाबला नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते, म्हणून घाबरू नका असे मी सांगत होतो, तोवर बाबांनी एंटर दाबलाही होता. लहानपणी फ्यूज गेला की "बॅटरी नीट धर, हलवू नकोस" असे ऐकत मी मीटरखाली उभा असायचो, आणि गुरुवारीही मला अगदी तसेच वाटले.

तेव्हा बाबा, सर्व्हर खाली आणतो आहे तो तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे. एप्रिलमध्ये आपला माळा भट्टीसारखा तापतो आणि डिस्कला ती उष्णता सोसत नाही, हेही तितकेच खरे आहे. वायर भिंतीवरून लोंबणार नाही, पांढऱ्या पट्टीतून कडेने जाईल. तुमच्या पक्कड-पान्ह्यांचा खण तसाच राहील. आई, तुझी भजने आणि छोटीचे फोटो टीव्हीवर पूर्वीच्याच ठिकाणी दिसतील. रिमोटची कोणतीही नवी कळ शिकायची नाही. राऊटरमध्ये सर्व्हरचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा ठरलेला क्रमांक) नोंदवून एक पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवला आहे. पुढे राऊटर पुन्हा बदललाच, तर ती नोंद नव्याने करावी लागेल, पण सर्व्हर बेपत्ता होणार नाही.

आता ऐका. शनिवारपर्यंत माळ्याकडे कोणीही जायचे नाही, फोटो बंद पडले तरी नाही. स्टूल गच्चीवर ठेवा. गोळी जेवणानंतर लगेच घ्यायची, माझा फोन चालू असला तरी. इलेक्ट्रिशियन ड्रिल करताना शोकेसच्या काचा झाकून घ्या आणि प्लग काढण्याआधी सर्व्हर 'पॉवरऑफ' देऊनच बंद करा. ते मात्र बाबांनीच करावे, त्याला हात लावू देऊ नये.

आणि बाबा, तुमच्या वहीत .५० असे लिहिले आहे ते खोडा. नवा पत्ता .२० आहे.

तुमचा,
बाळू