टोमॅटोतलं पाणी आणि पिझ्झाचा सॉस

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

बाटलीतला पिझ्झा सॉस गोड लागतो आणि घरी केला तर पिझ्झा मधोमध ओला राहतो, असं तू कळवलंस. दोन्ही तक्रारींचं मूळ पाण्यात आहे. टोमॅटोच्या वजनाचे शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणीच असतं. ते बरंचसं जाईल आणि टोमॅटोची चव मात्र राहील, एवढं साधलं की सॉस झाला. लसूण, ओरेगॅनो वगैरे नंतरच्या गोष्टी. विकतच्या स्वस्त सॉसमध्ये हा दाटपणा बऱ्याचदा स्टार्चने आणि साखरेने आणलेला असतो, म्हणून तो केचपसारखा लागतो. घरी आटवायची घाई केली की तेच पाणी पिझ्झाच्या बेसमध्ये उतरतं.

इटलीतल्या नेपल्समध्ये सॉस शिजवत नाहीत, हे तू वाचलं असशील आणि ते खरं आहे. सान मार्झानोसारखे लांबट, गरदार, कमी बियांचे टोमॅटो सोलून डब्यात भरलेले असतात. ते हाताने कुस्करायचे, मीठ घालायचं आणि बेसवर पसरायचे. पण तिथली लाकडाची भट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेली असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. शिवाय डबाबंद करताना त्या टोमॅटोंना एकदा उष्णता मिळालेली असते. तुझा ओटीजी २३० ते २५० अंशांपर्यंत जाणार, आपले ताजे टोमॅटो रसाळ, आणि वर चीजचा थर बसला की खालच्या पाण्याला वाफ होऊन जायला वाटच उरत नाही. म्हणून आपल्याला आधी आटवलेला सॉस हवा. सोललेल्या इटालियन टोमॅटोचा डबा मिळालाच तर तो चाळणीत पंधरा मिनिटं निथळू दे, कुस्कर आणि मीठ घालून न शिजवता वापर. तो छान लागतो, फक्त महाग पडतो.

आता टोमॅटो. तुझ्याकडे बंगळूरला कोलारकडचा माल भरपूर येतो. तिथे ‘नाटी’ म्हणून जो मिळतो तो आपल्या गावरानसारखा असतो : गोल, चपटा, आंबट, रस आणि बिया जास्त. साराला आणि रस्समला उत्तम, पण नुसत्या त्याचा सॉस केलास तर तासभर आटवत बसशील आणि शेवटी फार आंबट होईल. लांबट, जाड भिंतींचे हायब्रीड टोमॅटो घे. त्यात गर जास्त असतो. मात्र त्यांना आंबटपणा कमी असतो, म्हणून एक किलोत पाऊण किलो हायब्रीड आणि पाव किलो नाटी असं प्रमाण मला सगळ्यात योग्य वाटतं. देठापाशी हिरवे-पिवळे असतील तर दोन-तीन दिवस ओट्यावर टोपलीत ठेव, देठाची बाजू खाली करून. फ्रीजमध्ये ठेवू नकोस. थंडीत टोमॅटोचा वास तयार होणं थांबतं, आणि सॉसमध्ये तोच वास आपल्याला हवा असतो. पावसाळ्यातला टोमॅटो जास्त पाणचट असतो आणि जून-जुलैत भावही चढतात. २०२३ च्या जुलैत तर किलोला शंभराच्या कितीतरी वर गेले होते. थंडीत स्वस्त आणि लालबुंद मिळतात, तेव्हा जास्तीचा करून फ्रीझरमध्ये ठेवावा.

एक किलो टोमॅटोला पुढचं सामान लागेल : लसणाच्या मध्यम ८ पाकळ्या, तेल २ मोठे चमचे आणि शेवटी वरून आणखी १ मोठा चमचा, वाळलेला ओरेगॅनो १ लहान चमचा, मीठ पाऊण लहान चमचा, काश्मिरी तिखट अर्धा लहान चमचा (रंगासाठी, नाही घातलं तरी चालेल), साखर लागली तरच पाव ते अर्धा लहान चमचा. ऑलिव्ह तेल असेल तर छान, नसेल तर सूर्यफुलाचं रिफाइंड तेल चालतं. घाण्याचं शेंगदाणा तेल नको. ते चांगलं असलं तरी त्याचा वास टोमॅटोवर बसतो. कांदा मी यात घालत नाही. कांद्याने सॉस गोडसर होतो आणि पिझ्झापेक्षा भाजीच्या वाटणाकडे झुकतो.

भांडं रुंद आणि जाड बुडाचं, स्टीलचं घे. पाणी पृष्ठभागावरून उडतं, त्यामुळे २६-२८ सेंटिमीटरच्या कढईत जे अर्ध्या तासात आटतं त्याला उभ्या पातेल्यात दुप्पट वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात चव शिळपटते. ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी कढई नको, टोमॅटोच्या आम्लाने धातूची चव उतरते. कल्हई नसलेलं पितळ तर मुळीच नको.

टोमॅटो धुऊन उभे अर्धे चिर, देठाचा कडक भाग काढ आणि चिरलेली बाजू खाली ठेवून कढईत मांड. पाण्याचा थेंबही घालू नकोस. झाकण ठेवून मोठ्या आचेवर पहिली दोन मिनिटं, मग मध्यम आचेवर आठेक मिनिटं. साल सुटून वर येईल आणि टोमॅटो बसतील. हे आधी तापवणं महत्त्वाचं आहे. टोमॅटोला दाटपणा पेक्टिन नावाच्या चिकट घटकामुळे येतो. कच्चा टोमॅटो चिरडून तसाच ठेवला तर त्यातली एन्झाइम्स हे पेक्टिन तोडतात आणि मग गर खाली, पाणी वर असं फाटलेलं दिसतं. पटकन ८५ अंशांच्या वर नेलं की ती एन्झाइम्स निकामी होतात आणि रस एकजीव, दाट राहतो. टोमॅटो पेस्टचे कारखानेही दाट पेस्टसाठी हेच करतात.

मग हे सगळं पुरणयंत्रातून काढ. पुरणयंत्र पाठवते आहे, बारीक जाळी लावलेली आहे. सालं आणि बिया वर राहतात आणि गर खाली येतो. इटलीत टोमॅटोचा गर काढायला घरोघरी असंच हाताने फिरवायचं यंत्र वापरतात. बियांभोवतीचा बुळबुळीत भाग टाकून द्यायचा मोह होईल, तो टाकू नकोस. टोमॅटोची खमंग चव ज्याने येते ते ग्लुटामेट बाहेरच्या गरापेक्षा त्या भागात जास्त असतं. यंत्र उलटसुलट फिरवून तो पूर्ण पिळून निघू दे.

मिक्सर मात्र वापरू नकोस. पात्यांनी बिया फुटतात आणि कडवटपणा येतो. दुसरं म्हणजे मिक्सर रसात हवा कोंडतो, रंग लालचा फिका नारिंगी होतो आणि वर फेस येतो. तेल घालून मिक्सरमध्ये फिरवलं तर आणखीच पांढुरकं होतं. पुरणयंत्र पोहोचायच्या आधी करायचा असेल तर स्टीलच्या किसणीच्या मोठ्या भोकांवर अर्धा टोमॅटो चिरलेल्या बाजूने किस. साल हातात उरते. तो कीस सूपच्या गाळणीतून चमच्याने दाबून काढ आणि लगेच, अगदी लगेच, गॅसवर ठेव. कारण वरचंच : कच्चा गर जितका वेळ बसेल तितका पातळ होईल.

कढई पुसून घे आणि रिकामी असतानाच तिचं वजन लिहून ठेव. स्वयंपाकघरातला छोटा काटा तुझ्याकडे आहे, तो इथे फार उपयोगी पडतो. थंड तेलातच बारीक चिरलेला लसूण घाल आणि मंद आच लाव. वाटायचा नाही, चिरायचा. वाटलेला लसूण बुडाला चिकटून पटकन करपतो. कडा जेमतेम पिवळसर झाल्या आणि वास सुटला की थांब. फोडणीत आपल्याला लसूण तांबूस आवडतो, पण इथे तांबूस झालेला लसूण पुढे अर्धा तास शिजताना कडू होतो आणि तो कडवटपणा साखरेने जात नाही. करपलाच तर तेलासकट टाकून पुन्हा सुरू कर. तिखट घालायचं असेल तर आच बंद करून घाल आणि लगोलग टोमॅटोचा गर ओत.

आता मध्यम आच, झाकण नाही. किलोचा गर साधारण ८०० ग्रॅम निघतो. तो ४०० ते ४५० ग्रॅमवर यायला हवा. त्याला २५ ते ३० मिनिटं लागतात. पहिली पंधरा मिनिटं अधूनमधून ढवळलं तरी पुरे. पुढे दाट होऊ लागला की बुडबुडे फुटून सॉस उडतो आणि हाताला चांगलाच चटका बसतो. तेव्हा आच कमी कर, वर जाळी ठेव आणि उलथण्याने बूड खरवडत राहा. पूर्ण झाकण ठेवू नकोस, वाफ परत आतच पडते. बूड लागलं असं वाटलं तर खरवडायचं नाही. वरचा सॉस दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचा. करपलेला थर एकदा मिसळला की सगळा सॉस धुरकट होतो.

झाला की नाही ते पाहायला कढईसकट वजन कर. काटा नसेल तर थंड स्टीलच्या ताटलीत चमचाभर सॉस टाक आणि ताटली तिरकी धर. सॉसच्या भोवती पाण्याची कड सुटली तर आणखी पाच मिनिटं. कड सुटली नाही आणि गोळा हळूच सरकला तर झाला. उलथण्याने कढईत रेघ ओढली तर ती दोन-तीन सेकंद तशीच राहायला हवी. गरम असताना सॉस थोडा सैल वाटतो आणि गार झाल्यावर आवळतो, म्हणून चटणीइतका घट्ट करू नकोस. फार घट्ट सॉस ओव्हनमध्ये वाळून काळपट पडतो. तसा झालाच तर दोन चमचे गरम पाणी घालून सारखा कर.

मीठ शेवटची पाच मिनिटं राहिल्यावरच घाल. आधी घातलं तर आटल्यावर खारट होतं, आणि वर चीजचं मीठ असतंच. ओरेगॅनोही तेव्हाच, तळहातावर चोळून. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या साठवून ठेवल्या असशील, त्यांत बहुधा नुसता ओरेगॅनो नसतो. मीठ, मिरची, लसूण पूड असते. त्या वापरल्यास तर मीठ निम्मं कर. ओरेगॅनो अजिबात नसेल तर दोन चिमूट ओवा चुरून घाल, जास्त नाही. ओव्यात थायमॉल असतं आणि ओरेगॅनोत कार्व्हाक्रॉल, दोन्ही वास एकमेकांच्या जवळचे आहेत. बेसिलच्या जागी तुळस घालू नकोस. तुळशीत लवंगेसारखा उग्र वास असतो आणि तो शिजल्यावर वाढल्यासारखा लागतो. सब्जाचं रोप मात्र बेसिलच्याच जातीचं आहे, त्याची चार-पाच पानं हाताने तोडून गॅस बंद केल्यावर घातलीस तर चालतील.

आता चाखून बघ. आंबट वाटला तर पाव चमचा साखर घाल, एक मिनिट थांब, पुन्हा चाख. खाण्याचा सोडा घालून आंबटपणा मारायची युक्ती काही जण सांगतात. चिमूटभरही सोडा जास्त होतो आणि टोमॅटो बेचव लागतो. सोड्याच्या वाटेला जाऊ नकोस. कॉर्नफ्लोअरच्याही नाही, त्याने सॉस चकचकीत आणि चिकट होतो आणि बेसवर साय धरल्यासारखा बसतो. गॅस बंद करून उरलेलं चमचाभर तेल वरून घाल.

सॉस पूर्ण गार झाल्याशिवाय लावायचा नाही. गरम सॉसची वाफ बेसमध्ये मुरते. नऊ इंची बेसला चार मोठे चमचे, म्हणजे ६० ते ७० ग्रॅम पुरतात. एक किलोच्या सॉसमध्ये सहा पिझ्झे सहज होतात. डावाच्या पाठीने मधून बाहेर गोल फिरवत लाव, कडेला दीड सेंटिमीटर जागा सोड. खालचा बेस थोडा दिसला तरी हरकत नाही. जास्त सॉस लावला की चीज आणि भाज्या एका दमात घसरून येतात, आणि बहुतेकांचा पिझ्झा तिथेच बिघडतो. लावलास की दोन-तीन मिनिटांत ओव्हनमध्ये गेला पाहिजे. मित्र यायच्या आधी अर्धा तास लावून ठेवू नकोस. विकतच्या बेसवर आधी हलकासा तेलाचा हात फिरव, पाणी मुरायला वेळ लागतो. तव्यावर झाकण ठेवून करणार असशील तर वाफ आतच कोंडते, म्हणून सॉस तीनच चमचे लाव आणि तो आणखी पाच मिनिटं आटवलेला असू दे. सिमला मिरची, कांदा यांनाही पाणी सुटतं, ते आधी मोठ्या आचेवर कोरडे परतून घे.

उरलेला सॉस कोरड्या काचेच्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये पाच दिवस ठेव, त्याहून जास्त नको. यात लसूण आणि तेल आहे, म्हणून बाहेर ओट्यावर ठेवायचा नाही. वरून तेलाचा थर दिला म्हणून तो टिकतो असं समजू नकोस. फ्रीझरमध्ये तीन महिने चांगला राहतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरल्यास की हव्या तेवढ्याच काढता येतात, एका पिझ्झाला चार वड्या धर. डब्यात गोठवलास तर वर बोटभर जागा सोड, गोठताना फुगतो. वितळल्यावर थोडं पाणी वेगळं झालेलं दिसेल. दोन-तीन मिनिटं कढईत उकळव, एकजीव होईल, आणि मग गार करूनच लाव.

पुरणयंत्र वापरल्यावर जाळी लगेच धू. टोमॅटोचा गर वाळला की भोकं बुजतात आणि मग टाचणीने कोरत बसावं लागतं. वर राहिलेली सालं टाकू नकोस, पाण्यात उकळून गाळ आणि ते पाणी दुसऱ्या दिवशीच्या डाळीत घाल.

तुझी,
आई