घाम म्हणजे जळालेली चरबी नव्हे

महोदय,

उन्हाळा लागला की मैदानांवर आणि व्यायामशाळांत 'जितका घाम जास्त, तितक्या कॅलरी जास्त' हा समज बळावतो. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याची तयारी करणारी मुले भर नऊ-साडेनऊच्या उन्हात प्लास्टिकचे जॅकेट चढवून धावतात, मग बनियन पिळून दाखवतात आणि वजनकाट्यावर किलोभर घट पाहून समाधान मानतात. ती घट पाण्याची असते व पाणी पोटात जाताच भरून निघते. किलोभर चरबी खर्ची पडायला सुमारे ७७०० कॅलरी लागतात आणि ६० किलो वजनाच्या माणसाच्या धावताना किलोमीटरमागे साधारण ६० कॅलरी खर्च होतात. म्हणजे हिशेब सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो.

स्नायू वापरतात त्या ऊर्जेचा फार तर पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो. उरलेल्याची उष्णता होते आणि ती बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, म्हणून तेवढ्याच वेगाला उन्हात नाडी अधिक जलद चालते. मनगटावरची घड्याळे मुख्यतः नाडीवरूनच कॅलरींचा अंदाज बांधत असल्याने मे महिन्यात त्यांचा आकडा फुगतो. प्रत्यक्षात मात्र उन्हाने दम लवकर लागतो, अंतर कमी कापले जाते आणि एकूण खर्च बहुधा घटतो. थंडीत कुडकुडल्याने ऊर्जा खर्च होते हे खरे, परंतु धावणाऱ्याचे अंग काही मिनिटांतच तापते, त्यामुळे आपल्याकडच्या हिवाळ्यात तो फरक नगण्य असतो. गारव्याचा खरा लाभ म्हणजे जास्त वेळ, चांगल्या वेगाने धावता येते.

जॅकेटची गोष्ट त्याहून गंभीर आहे. अंग गार होते ते घाम वाळल्याने, नुसता गळल्याने नव्हे. प्लास्टिकच्या आत तो वाळतच नाही आणि शरीराचे तापमान चढत जाते. धावता धावता मुलगा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो थकवा समजून त्याला बाजूला बसवून ठेवू नये. तो उष्माघात असू शकतो, आणि अशा वेळी अंगावर भरपूर गार पाणी ओतत तातडीने दवाखाना गाठणे आवश्यक असते.

अशी जॅकेटे 'चरबी वितळवणारी' म्हणून विकणे व्यायामशाळांनी थांबवावे. प्रशिक्षकांनी उन्हाळ्यातील सराव सकाळी सातपूर्वी आटोपावा आणि नव्या मुलांचे धावणे दहा-चौदा दिवसांत हळूहळू वाढवावे. आपल्या दैनिकानेही हवामानाच्या चौकटीत कमाल तापमानासोबत पहाटेचे तापमान व आर्द्रता ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नागपूर