तंबूची जागा आधी आखा, मग जाहिरात करा

महोदय,

पाऊस उघडला की पन्हाळा, आंबा, राधानगरीच्या बाजूला तंबू घेऊन निघणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढते. मुलाबाळांसह उघड्यावर रात्र काढण्याची ही हौस वाढावी असेच वाटते. मात्र वाटेल तिथे गाडी थांबवून तंबू ठोकणे म्हणजे कॅम्पिंग नव्हे. त्यासाठी सार्वजनिक, आखीव जागा लागते.

कोल्हापुरातल्या अनेक घरांतली मुले आज शिकागो, डेट्रॉइट, मिनिआपोलिसकडे आहेत. उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी तिथल्या स्टेट पार्कची, म्हणजे राज्य सरकारच्या वनोद्यानांची, मांडणी नीट पाहावी. मिनेसोटातल्या इटास्का पार्कमध्ये मिसिसिपी नदीचा उगम आहे, आणि ते पार्क 1891 सालचे. अशा पार्कमध्ये तंबूच्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो. जमीन सपाट केलेली, बाकांसह एक टेबल, जाळासाठी लोखंडी कडे, आणि चालत जाण्याजोग्या अंतरावर नळ व संडास. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात एका जागेवर साधारण सहाच माणसांना परवानगी मिळते. रात्री दहा-अकरानंतर आवाज बंद. विस्कॉन्सिनमध्ये 11 महिने आणि मिशिगनमध्ये सहा महिने आधी आरक्षण खुले होते, त्यामुळे शनिवारी किती माणसे येणार हे व्यवस्थापनाला आधीच कळते.

यातले लोखंडी कडे सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाचे. आपल्याकडे प्रत्येक गट नवी तीन दगडांची चूल मांडतो, तांबडा रस्सा होतो, आणि मागे काळे दगड, हाडे व धुमसते निखारे राहतात. डिसेंबरनंतर सड्यावरचे, म्हणजे कातळपठारावरचे, गवत वाळते, वणव्याला एक ठिणगी पुरते. जाळ ठरलेल्या कड्यातच असला तर भोवतीची जागा साफ ठेवता येते. विझवतानाही नुसते पाणी ओतून भागत नाही. पाणी ओतावे, काठीने राख ढवळावी, पुन्हा ओतावे, आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागत नाही याची खात्री करावी. वर माती लोटू नये, तिच्याखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो.

सरपणाचा नियमही तिथून घेण्यासारखा आहे. अ‍ॅश जातीची झाडे पोखरणारा हिरवा भुंगा 2002 मध्ये मिशिगनमध्ये ओळखला गेला. सालीखालच्या अळ्या जळणाच्या लाकडातून गावोगाव पोहोचल्या आणि कोट्यवधी झाडे वाळली. म्हणून विस्कॉन्सिनच्या पार्कमध्ये 10 मैलांच्या, म्हणजे 16 किलोमीटरच्या आतले किंवा प्रमाणित लाकूडच चालते. आपल्याकडे सरपणासाठी झाडांची तोडच जागेवर होते. तंबूच्या जागेच्या दारातच मोळी विकत मिळाली तर ती थांबेल, आणि हे काम गावातल्या बचत गटाकडे सहज देता येईल.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराबद्दल वेगळे सांगायला हवे. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कातळावरचा मातीचा थर इतका पातळ असतो की चाकाखाली आणि तंबूखाली त्यातली रोपे मरतात. तिथे खुंट्याही बसत नाहीत. त्या जागेचा मोह सोडावा.

आजच्या घडीला परवानगी असलेल्या जागी जाणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. जलाशयाच्या अगदी काठाला तंबू नको. थंड हवा खाली उतरून तिथे साचते, दव जास्त पडते, आणि राधानगरीच्या भागात गवे पाण्यावर येतात. तंबूखालची ताडपत्री तंबूबाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर वरून ओघळलेले दव तिच्यावरून थेट अंथरुणाखाली येते. पहाटे आतले कापड ओले होते ते गळतीमुळे नव्हे. आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडावर जमते, म्हणून वरच्या जाळ्या उघड्या ठेवा. हवेची गादी थंडीत गारठते. तिच्यावर घोंगडे किंवा फोमची चटई हवीच. शेगडी तंबूत कधीही नेऊ नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा. वाटण घरूनच करून न्यावे, भांडी आणि सांडपाणी निम्म्यावर येते. उरलेले अन्न डब्यात बंद करून गाडीत ठेवा. तिकडे रॅकून नावाचे प्राणी येतात, इकडे माकडे आणि कुत्री.

गोचिडांकडे विशेष लक्ष हवे. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या राज्यांच्या भागात, त्यांच्यामुळे लाइम आजार होतो. आपल्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात गोचिडांमुळेच पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. पँट मोज्यात खोवावी, संध्याकाळी मुलांच्या काखा, मान, कानांमागची जागा तपासावी. गोचीड चिकटलेला दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा. तेल लावू नये, चटका देऊ नये.

पर्यटन आणि वन विभागाने पहिली जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, राधानगरी रस्त्यालगत, दहा-बारा तंबूंपुरती करावी. सपाट जमीन, क्रमांक, जाळासाठी लोखंडी कडी, नळ आणि दोन संडास एवढ्यावर सुरुवात होते. मात्र ते संडास रोज धुणारा माणूस पगारावर नेमल्याखेरीज जागा खुली करू नये.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर