फणेरपेटीतलं थोडं तुझ्यासाठी

जयसिंगपूर,
रविवार दुपार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, सोमवारपासून ऑफिस. तू रोज काय काय लावतेस ते लिहून पाठव, मला दहा मिनिटांत आवरायचं असतं." यादी मोबाईलवर पाठवली असती तर चार ओळींत संपली असती. पण लिहायला घेतल्यावर लक्षात आलं की त्या एकेका वस्तूमागे बरीच वर्षं आहेत आणि त्यातलं निम्मं मी तुला कधी सांगितलेलंच नाही. म्हणून वही काढली.

आधी सनस्क्रीन. तू पोटात असताना माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. गरोदरपणात येतात तसे. बाळंतपणानंतर जातील म्हणाले सगळे, ते काही गेले नाहीत. मसुराचं पीठ, साय, उगाळलेलं जायफळ, जो जे सांगेल ते केलं. मग एकीने एक ट्यूब सुचवली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की पतसंस्थेत सगळ्या विचारायला लागल्या. तीन महिन्यांनी तोच चेहरा उन्हात गेलं की भाजल्यासारखा लाल व्हायचा, आणि ट्यूब बंद केली की आणखी जळजळायचा. मिरजेच्या त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, आत स्टेरॉईड होतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावं लक्षात ठेव. ती औषधं आहेत, डॉक्टरांनी दिली तर दिली तेवढेच दिवस लावायची. तुझ्या रूमवर कोणी मैत्रिणीने प्रेमाने अशी ट्यूब पुढे केली तर आधी ट्यूबच्या पाठीमागचं वाच.

त्याच डॉक्टरांनी मला रंग असलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन लावायला सांगितलं. वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाहीत, साध्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात. आणि तो उजेड अडवायचं काम त्या रंगातलं आयर्न ऑक्साईड करतं. म्हणजे जो रंग चेहरा एकसारखा दिसावा म्हणून घातलाय असं मला वाटायचं, तोच खरं औषधाचं काम करत होता. आकड्यांच्या मागे फार लागू नकोस. सनस्क्रीनवर एसपीएफ म्हणून जो आकडा असतो, त्यातल्या ३० ने साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडतात आणि ५० ने ९८ टक्के. खरा फरक पडतो तो किती लावलंय याने. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. मानेला विसरू नकोस.

मान म्हटलं की मला तो फोटो आठवतो. तू दुसरीत होतीस, स्नेहसंमेलनात कोळीनृत्य होतं. मी तुझ्या चेहऱ्याला माझ्या कॉम्पॅक्टचा सगळ्यात फिका शेड लावला होता, वरून पावडर. स्टेजच्या दिव्यात तू गोरी दिसावीस म्हणून. फोटोत तुझा चेहरा एका रंगाचा आहे आणि गळा, दंड, पाय तुझ्या स्वतःच्या सावळ्या रंगाचे. तू घरी येऊन आरशात बघून विचारलंस, "आई, माझे हात का नाही रंगवले?" मी काहीतरी उत्तर दिलं होतं. सई, ते मी करायला नको होतं. सात वर्षांच्या मुलीच्या अंगावर मी माझ्या मनातली गोष्ट थापली. माझ्या लग्नाआधी दोन स्थळं रंगावरून परत गेली होती, आणि पाहुणे यायच्या आधी माझी मावशी माझ्या तोंडाला अशीच पावडर लावायची. त्यातलं काहीही तुझ्यापर्यंत पोचायला नको होतं. हे मी तुला समोर बसून सांगायला हवं होतं, निदान आता लिहून तरी सांगते. मला माफ कर.

तू फाउंडेशन घेणार असशील तर मनगटावर लावून बघू नकोस. मनगटाचा रंग वेगळा असतो. जबड्याच्या रेषेवर लाव, दुकानाच्या बाहेर दिवसाच्या उजेडात ये, आणि जो रंग दिसेनासा होतो तो घे. दुकानातली मुलगी एक शेड फिका सुचवेल. अजूनही सुचवतात.

लिपस्टिकचं सांगायला मला मनापासून आवडतं. १९९७ साली नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून सांगलीला जाऊन लॅक्मेची मरून लिपस्टिक घेतली. टाटांनी १९५२ साली सुरू केलेली ही कंपनी, आणि लॅक्मे म्हणजे आपली लक्ष्मीच, फ्रेंच उच्चारातली. माझ्या माहेरी लिपस्टिक फक्त लग्नात, आणि तीही फोटो झाले की पुसायची. म्हणून मी ती पतसंस्थेत गेल्यावर लावायचे आणि संध्याकाळी एसटी स्टँडवर रुमालाने पुसून घरी जायचे. सहा महिने असं चाललं. एकदा कपाट उघडलं तर माझे सगळे रुमाल धुऊन, घड्या घालून ठेवलेले, आणि प्रत्येकावर फिकट मरून डाग. आईने ते हाताने घासले होते आणि एका शब्दाने विचारलं नव्हतं.

लग्न होऊन इकडे आले तेव्हाही तीच भीती. नव्या शाखेचं उद्घाटन होतं, मी लावली, आणि स्वयंपाकघरात आजीसमोर यायच्या आधी पदर तोंडाशी नेला. तिने बघितलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "पुसू नको. शोभतोय रंग तुला." त्या दिवसापासून मी पुसलेली नाही. आता मरून लावत नाही, विटकरी लावते. पन्नाशीत ओठांचा रंग फिका पडतो, त्यावर गडद मरून फार उठून दिसतो. थेट कांडीने न लावता बोटाने टेकवून लाव, उरलेलं बोट गालांवर. वेगळा ब्लश घ्यायची गरज नाही.

काजळाचं थोडक्यात. मी लहान होते तेव्हा आयटेक्सची डबी असायची, करंगळीने घालायचं. तुझी आजी घरी करायची: एरंडेलाचा दिवा, वर उलटी तांब्याची वाटी, रात्रभराची काजळी सकाळी खरवडून तुपात खलायची. तुझ्या गालावरची तीट त्याच काजळाची. डोळ्यात मात्र मी तुला कधी घातलं नाही, बालरोगतज्ज्ञांनी नको म्हणून सांगितलं होतं आणि आजीने ते लगेच मानलं. तू पेन्सिल घे, कुणाची वापरू नकोस, कुणाला देऊ नकोस, आणि डोळे आले तर ती टाकून दे, कितीही महाग असली तरी. बऱ्याच वस्तूंवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात ६ एम किंवा १२ एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने.

आता टिकली. तू मेकअपमध्ये टिकली धरत नाहीस, मीही कधी धरली नव्हती. लिपस्टिक म्हणजे नटणं, टिकली म्हणजे कपाळ. कॉलेजपासून रोज, झोपतानाही. २०१४ च्या उन्हाळ्यात आंघोळीच्या वेळी टिकली काढली तर खाली बरोबर टिकलीएवढा पांढरा गोल. मी काय केलं असेल? मोठी टिकली लावली. महिनाभराने तो गोल मोठ्या टिकलीच्याही बाहेर आला, तेव्हा आणखी मोठी. तुला वाटायचं आईला अचानक मोठ्या टिकल्या आवडायला लागल्या. रात्री दार लावून मी आरशासमोर उभी राहायचे. कोडच आहे असं धरून चालले होते आणि तुझ्या लग्नापर्यंतचे विचार डोक्यात यायचे, तू तेव्हा शाळेत होतीस.

डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं की हे टिकलीच्या गोंदाने झालंय. पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल, नाव मी चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. काहीजणींच्या त्वचेतला रंग तयार करणाऱ्या पेशींना ते सोसत नाही. टिकली बंद, एक मलम, आणि वाट बघा. दीड वर्ष लागलं. आता भुवयांच्या मध्ये तांदळाच्या कणीएवढा फिका ठिपका राहिलाय, उजेडात बघितलास तर दिसेल.

त्या दीड वर्षात मी मोकळ्या कपाळाने काउंटरवर बसायचे. पहिल्याच आठवड्यात एक ओळखीच्या बाई पैसे मोजता मोजता थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, घरी सगळं बरं आहे ना?" तुझे बाबा तेव्हा शेजारच्या चहाच्या गाड्यावर उभे होते. मी घरी येऊन रडले. आजीने ऐकून घेतलं आणि बाबांना माळ्यावरून तिची फणेरपेटी काढायला लावली. आजोबा २००९ ला गेले, तेव्हा तिने ती स्वतःच्या हाताने वर ठेवायला दिली होती. सागाची, झाकणात आरसा, आत पितळी करंडा आणि मेणाची डबी. तिने मला समोर बसवून दाखवलं: मेण करंगळीच्या टोकावर घ्यायचं, फिरवून ऊब द्यायची, कपाळावर गोल काढायचा, त्यावर पिंजर दाबायची, आणि कोरड्या बोटाने कडा पुसून घ्यायच्या. पाच वेळा माझा गोल वाकडा आला. तिने मात्र स्वतःच्या कपाळाकडे बोट नेऊन दाखवलं नाही, सगळं माझ्याच कपाळावर शिकवलं.

कुंकू मी सांगलीहून आणते, हळदीचं. आपल्याकडे हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो ना, तेच आहे ते. हळकुंडाला टाकणखार लागला की पिवळ्याचं लाल होतं.  डॉक्टरांना दाखवूनच मी हे सुरू केलं, तूही काही नवीन लावलंस तर आधी कानामागे लावून दोन दिवस बघ.

आणि आता जे तुला माहीत नाही ते. तू पुण्याला हॉस्टेलवर होतीस. मे २०२२ मध्ये आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र, जोडवी काढणं हे गावात करायचं नाही. महिना उलटायच्या आत सरकारने तो ठराव राज्यभरातल्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. मी पेपर आजीला मोठ्याने वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग बराच वेळ काही बोलली नाही. मी करंडा घेऊन आले, तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "कुंकू राहू दे. त्याची सवय गेली. काजळ घालशील?"

मला माहीतच नव्हतं की तिने काजळही सोडलं होतं. कुणी पुसायला सांगितलं नव्हतं, ते कुंकवाबरोबरच गेलं होतं. मी तिला खिडकीपाशी बसवलं, हनुवटी धरली. पापण्यांची कातडी इतकी पातळ झाली होती की पेन्सिल टेकवताना माझाच हात थरथरला. ती अजिबात हलली नाही. झाल्यावर फणेरपेटीच्या आरशात बघितलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि पदर सारखा केला. त्यानंतर जाईपर्यंत रोज सकाळी चहा झाला की ती खिडकीपाशी येऊन बसायची. मला पतसंस्थेत जायला उशीर व्हायचा, पण त्या पाच मिनिटांची मी घाई केली नाही. तू दिवाळीला आलीस तेव्हा म्हणालीस, "आजी किती छान दिसतेय." ती मला खुणेने गप्प राहा म्हणाली होती.

बाबा मंगळवारी पुण्याला येतायत, त्यांच्याकडे पिशवी देतेय. सनस्क्रीन आहे, एक विटकरी लिपस्टिक, काजळाची पेन्सिल आणि टोकयंत्र. रात्री चेहरा धुतल्याशिवाय झोपू नकोस. मी खोबरेलाने पुसते, पण तुला मुरमं येतात, तू ते करू नकोस, साधा फेसवॉश वापर. टिकली लावायची असेल तर लाव, झोपताना काढ, आणि रोज त्याच जागी लावू नकोस. मेणाची छोटी डबीही ठेवलीय, आजीची. वापरलीच पाहिजे असं नाही. फक्त तुझ्या टेबलावर खिडकीतून ऊन येतं, तिथे ठेवू नकोस, वितळेल.

पोचल्यावर फोन कर.

तुझी,
आई