बिस्किटांच्या डब्यातला दोरा

साल्झबर्ग, १६ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "चिऊ खोटं बोलायला लागलीये, वेळीच लक्ष दे." मी तेव्हा नुसतं "बघते" म्हणून विषय बदलला, पण ते डोक्यातून जाईना. दूध प्यायल्याचं तिने तुला ठणकावून सांगितलं आणि भरलेला पेला सोफ्यामागे निघाला, हे खरंच. पण गेल्या वर्षी नाशिकला असताना हाच प्रश्न तू विचारलास तेव्हा काय म्हणाली होती, आठवतंय? "नाही, तुळशीला घातलं." लपवायचं तिला सुचलंच नव्हतं. आपल्याला ठाऊक ते आजीलाही ठाऊक, अशीच तिची समजूत. फोनवर तू काही विचारलंस की नुसती मान हलवायची, आणि तू तिकडून "अगं तोंडाने बोल ना!" करायचीस, तेही त्यातलंच.

तुझा तो बिस्किटांचा निळा गोल डबा घे. त्याच मे महिन्यात तिने तो हौसेने उघडला आणि आत सुया, दोऱ्याची रिळं, अण्णांच्या शर्टाची बटणं. रडवेली झाली होती. मी झाकण लावून विचारलं, "बाबाने हा डबा पाहिला तर आत काय आहे असं त्याला वाटेल?" म्हणाली, "दोरा." "आणि उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?" तरी "दोरा"च! दोन मिनिटांपूर्वी बिस्किटांसाठी हात पसरणारी पोर. तू म्हणालीस, लबाड आहे. लबाड नव्हती गं, आधी आपली चूक झाली होती हेच तिला दिसत नव्हतं. तीन वर्षांची बहुतेक मुलं असंच उत्तर देतात. मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात फक्त चॉकलेटच्या गोळ्यांच्या डबीत पेन्सिली घालतात, एवढाच फरक.

गंमत म्हणजे दुसऱ्याची समजूत आपल्यापेक्षा वेगळी, चुकीचीही असू शकते हे मुलांना कधी कळतं, या विषयाचं हे शहर माहेरच म्हणायचं. इथल्या विद्यापीठातले हाइन्झ विमर आणि त्यांचे सहकारी योझेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली. माक्सी कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. त्याच्यामागे आई केकसाठी थोडं काढून घेते आणि उरलेलं दुसऱ्या कपाटात ठेवते. माक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? तीन ते चार वर्षांच्या एकालाही जमलं नाही, चार ते सहाच्या ५७ टक्के मुलांना जमलं, सहा ते नऊच्या ८६ टक्के. लहानगी सरळ नव्या कपाटाकडे बोट दाखवतात. चॉकलेट तिथे आहे ना, मग माक्सी तिथेच जाणार! २००५ मध्ये पंधरा महिन्यांच्या बाळांच्या नजरेवरून त्यांनाही हे उमगतं असा दावा झाला, पण नंतर तसे प्रयोग करणाऱ्यांपैकी काहींना ते दिसलं नाही. मला तर चिऊच्या तोंडून ऐकल्याशिवाय पटणार नाही.

आणि ऐकलंच परवा. झोपताना तिला पंचवटीची गोष्ट हवी होती, सीतागुंफेची. गेल्या वर्षी त्या चिंचोळ्या पायऱ्यांवरून वाकून बाहेर आल्यावर तिने अण्णांना विचारलं होतं, "सीतेला रावणाची भीती नाही वाटली? त्याला भिक्षा कशाला दिली?" अण्णांनी तीनदा समजावलं की तो साधू बनून आला होता. तिसऱ्यांदाही तिचं एकच, "पण तो रावण आहे ना!" या वेळी मी "भिक्षां देहि" म्हटलं मात्र, ताडकन उठून बसली. "अगं, तिला माहीतच नाहीये! तिला वाटतंय साधूबाबा आहे!" आवाजात इतकी कळकळ होती, की मला पुढे सांगवेना.

आता हीच अक्कल दुधाच्या पेल्यालाही लागणार. आजीच्या डोक्यात आपण काहीतरी वेगळं घालू शकतो, हे कळल्याशिवाय थाप मारता येत नाही. म्हणून दूध न प्यायल्याबद्दल मी तिला रागावले, थापेबद्दल फारसं नाही. तुला हे लाड वाटतील. वाटू देत. आपल्या जुन्या वाड्यात आम्ही सहा चुलत भावंडं एकमेकांना फसवतच शहाणी झालो. भावंडांतली मुलं हे जरा लवकर शिकतात असं पेर्नर यांनाही नंतर दिसलं होतं. हिच्या वाट्याला इथे आम्ही दोघंच, आणि फोनवर तुम्ही.

हो, तो निळा डबा आहे तसाच ठेव. उन्हाळ्यात येताना ती इथले मोझार्टचं चित्र असलेले चॉकलेटचे गोळे आणणार आहे आणि तुझ्या रिळांखाली लपवणार आहे. "आजीला वाटेल दोराच आहे!" म्हणून आत्तापासून खिदळतेय. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घातली होती तिने मला. तेव्हा डबा उघडशील त्या दिवशी चेहऱ्यावर काही दाखवू नकोस.

अण्णांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
मनू