आजींच्या ओट्यासमोरचा टेकू हलवणाऱ्या आर्किटेक्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शिवाजी पार्कजवळच्या आमच्या इमारतीची परांची गेल्या आठवड्यात उतरली. सोसायटीच्या सर्व सभासदांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत, आणि ते मुद्दाम उघडपणे लिहीत आहोत. शेवटचं बिल चुकतं करून मोकळं होण्याइतकं तुमचं ऋण साधं नाही. शिवाय दादर-माटुंग्यात अशा शेकडो जुन्या इमारती आहेत आणि नीट दुरुस्ती कशी असते हे त्यातल्या बहुतेकांना कोणी दाखवलेलंच नाही.

आधी ज्यांनी निराश केलं त्यांच्याविषयी लिहितो, म्हणजे आम्ही इतके हळवे का झालो आहोत ते कळेल. तुमच्या आधी आलेल्या सल्लागाराने जिन्याखाली आणि पोर्चमध्ये रिबाउंड हॅमरचे (ठोका मारून काँक्रीटची ताकद जोखणाऱ्या उपकरणाचे) मोजके ठोके घेतले, तेही प्लास्टरवरून. प्लास्टर सोलून काँक्रीट उघडं केल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थ नसतो. काँक्रीट उघडं केलं तरी जुन्या, कार्बोनेट झालेल्या (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने बदललेल्या) पृष्ठभागावर हॅमर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. म्हणून कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा नमुना, काढून ताळा करावा लागतो. यातलं काहीही न करता त्याने इमारत 'सी-१' ठरवली, म्हणजे रिकामी करून पाडायची. त्याआधीच्या ठेकेदाराने गंजलेल्या सळयांवर सरळ प्लास्टर थापलं होतं. त्याच्याही आधीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याने गच्चीवर जुना कोबा (गळती रोखण्यासाठी घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) न काढता त्यावर नवा कोबा घातला होता, आणि तेही दोनदा.

तुम्ही पहिल्या दिवशी आलात त्या हातात लहान हातोडी आणि दोन रंगांचे खडू घेऊन. प्रत्येक घरातलं छत ठोकून पाहिलंत. खणखणीत वाजलं तिथे निळी खूण, भदभद वाजलं तिथे लाल. संध्याकाळपर्यंत प्रत्येक बिऱ्हाडाला आपल्या डोक्यावर काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं. लाल खुणा बाल्कन्या, न्हाणीघरं आणि गच्चीखालच्या स्लॅबमध्ये दाटल्या होत्या. मधल्या खोल्या जवळजवळ सगळ्या निळ्या होत्या. इमारत पाडायची नाही, लोकांनी घरं सोडायची नाहीत, दुरुस्ती करायची (महापालिकेच्या भाषेत 'सी-२बी'), हे तुम्ही कोअर, अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी काँक्रीट तपासणारी) आणि हाफ-सेल (सळयांच्या गंजाची शक्यता जोखणारी) या चाचण्यांनंतरच कागदावर दिलंत. पण घाबरलेल्या माणसांना धीर आला तो त्या निळ्या खुणांनी.

तुमच्या फर्मच्या इतिहासाबद्दल बोलायला हवं, कारण या कामात तो प्रत्यक्ष उपयोगी पडला. तुमच्या आजोबांनी फर्म काढली तो काळ मुंबईच्या स्थापत्यात भारतीय नावं पुढे येण्याचा होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये सुरू केलेल्या संघटनेची १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. इंग्रज आर्किटेक्ट क्लॉड बॅटली १९२३ ते १९४३ जे. जे.मध्ये स्थापत्य विभागाचे प्रमुख होते आणि त्यांच्या ग्रेगसन, बॅटली अँड किंग या फर्मने १९३० मध्ये पूर्ण झालेलं बॉम्बे सेंट्रल स्टेशन रेखाटलं. गजानन म्हात्र्यांसारखे आर्किटेक्ट ओव्हलसमोर आणि बॅकबेला गोलसर बाल्कन्यांच्या, छज्जांच्या आडव्या रेघांच्या इमारती उभ्या करत होते. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या त्या इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. दादर-माटुंग्यातल्या त्यांच्या मध्यमवर्गीय भावंडांच्या वाट्याला मात्र बहुधा पुनर्विकासाची पत्रकंच आली.

अशा काळातल्या फर्मने आपले जुने नकाशे रद्दीत घातले नाहीत, हे आमचं नशीब. आमच्या इमारतीचा नकाशा तुमच्या रॅकमधून निघाला. ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने काढलेला, आठ फुटांना एक इंच प्रमाणाचा. त्यात सळया लिहिल्या होत्या: पाच अष्टमांश इंची, साध्या गोल, सहा इंचांवर, एकाआड एक सळई आधाराजवळ वर वळवलेली. आणि बाल्कनीच्या छेदात मुख्य सळया वरच्या बाजूला दाखवल्या होत्या. भिंतीबाहेर अधांतरी आलेल्या स्लॅबमध्ये ताण वर येतो, म्हणून लोखंडही वर असतं. पोपडे खालून पडतात म्हणून सगळे खालून बघतात आणि डागडुजीही खालूनच करतात. आमच्याकडे कधीतरी पाण्याचा पाइप गाडण्यासाठी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या फरशीखाली झिरी मारली होती. त्या झिरीने नेमक्या वरच्या सळया कापल्या होत्या. नकाशा हातात घेऊन तुम्ही फरशी उचलायला लावलीत आणि कापलेली टोकं समोर आली. त्याच दिवशी तिन्ही मजल्यांवरच्या बाल्कन्यांना एकाखाली एक टेकू लागले.

कामाचा क्रमही तुम्ही बदललात. सगळे म्हणत होते, आधी बाहेरून प्लास्टर आणि रंग. तुम्ही म्हणालात, आधी गच्ची हलकी करा. साडेचार इंची विटांचा कोबा चौरस मीटरला साधारण दोनशे किलोंच्या वर भरतो. तीन थर म्हणजे सहाशेच्या पुढे. वापरात असलेल्या गच्चीसाठी माणसांचा आणि सामानाचा भार धरतात तो चौरस मीटरला दीडशे किलो. गळती थांबवण्याच्या नावाखाली स्लॅबवर केवढं ओझं टाकलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. कोबा तुम्ही छिन्नी-हातोड्यानेच काढून घेतलात, ब्रेकर मशीन वर येऊ दिलं नाही, कारण त्याच्या हादऱ्याने खालचं कमकुवत काँक्रीट सुटतं. डेब्रिज स्लॅबच्या मध्यावर साठू न देता गोणीत भरून त्याच दिवशी खाली उतरवायचं, हा नियम मुकादमाला शेवटपर्यंत पाळावा लागला. मग शंभराला एक असा उतार, कठड्याच्या कोपऱ्याला गोल वाटा (कोपरा गोलसर भरून घेणं) आणि पाणी बाहेर नेणाऱ्या तोंडांचा आकार वाढवणं. गच्चीवर तीन दिवस पाणी साठवून खालची छतं कोरडी राहिली, तेव्हाच पुढचं काम सुरू झालं.

सळयांच्या कामात तुमच्या साइट इंजिनिअरने दाखवलेला कटाक्ष विसरता येणार नाही. ऐंशी वर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत राहतो. काँक्रीटचा पीएच, म्हणजे त्याच्या अल्कतेचं माप, बारा-साडेबारावरून नऊच्या खाली गेला की सळईवरचं संरक्षक कवच जातं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि आवरण फोडून बाहेर येतो. समुद्राची खारी हवा त्यात भर घालते. तुम्ही ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कता टिकून असेल तिथेच गुलाबी होणारं रसायन) फवारून दाखवलंत. आत गुलाबी झालं, बाहेरच्या दीड-दोन इंचांवर रंगच चढला नाही, आणि सळया त्या रंगहीन भागातच होत्या.

म्हणून सळईचा फक्त दिसणारा भाग घासून भागत नाही. तिच्या मागे बोट जाईल एवढं, म्हणजे वीस-पंचवीस मिलिमीटर काँक्रीट काढायचं, गंज संपून चकचकीत लोखंड लागेपर्यंत दोन्ही बाजूंना पुढे जायचं, आणि फोडलेल्या भागाची कड कटरने सरळ कापायची. कड निमुळती ठेवली तर तिथला पातळ थर पहिल्या उन्हाळ्यातच सुटतो. गंज अर्धवट सोडून नुसतं ठिगळ लावलं तर ठिगळाच्या शेजारची सळई पूर्वीपेक्षा वेगाने गंजते. आमच्या आधीच्या दुरुस्तीच्या कडेकडेने नवे पोपडे का येत होते, याचं उत्तर हे होतं. मग झिंकचा प्रायमर, त्यावर बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमरचा मसाला. कोट सुकल्यावर मसाला लावला तर तोच थर दोघांना जोडण्याऐवजी वेगळं करतो. एका दुपारी जेवणाच्या सुटीत कोट सुकला होता. इंजिनिअरने तो खरवडून पुन्हा लावायला लावला, आणि कामगाराची हजेरी कापू दिली नाही. मसाल्याचा थर एका वेळी वीस-पंचवीस मिलिमीटरच्या वर नाही. जिथे खोली जास्त, तिथे फळ्या बांधून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट).

हे सगळं चांगल्या फर्मकडून अपेक्षितच आहे, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या मनात घर करून राहिली आहे ती दुसरी गोष्ट.

पहिल्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरावरचा बीम सगळ्यात खराब होता. तो फोडायचा तर दोन्ही बाजूंच्या स्लॅबला चार-चार फुटांवर टेकू हवेत, आणि त्यातला एक बरोबर ओट्यासमोर येत होता. दुसरा देवघराच्या दाराला अडत होता. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, आजींनी दोन महिने मुलीकडे जावं. आजी काही बोलल्या नाहीत. मुलगी परदेशात आहे, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनी सांगितलंही नाही.

तुम्ही चप्पल बाहेर काढून आत गेलात. "आजी, पोळ्या लाटताना तुम्ही उभ्या कुठे राहता?" असं विचारलंत. त्या उभ्या राहून दाखवत असताना त्यांच्या पावलांभोवती खडूने रेघ मारलीत आणि टेपने अंतरं घेतलीत. दुसऱ्या दिवशी तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासलेला नवा नकाशा आला. मधले दोन टेकू काढून त्या जागी दीडशे मिलिमीटरची दोन लोखंडी चॅनेल पाठीला पाठ लावून, कडेच्या टेकूंवर आता जास्त भार येणार म्हणून ते जड मापाचे, त्यांच्या पायाशी जाड फळ्या, आणि तळमजल्यावर अगदी त्यांच्याच खाली तसेच टेकू. चॅनेलच्या मापाशेजारी तुमच्या अक्षरात एक ओळ होती: "ओटा व देवघर मोकळे ठेवणे."

तेवढ्यासाठी लोखंड वाढलं, एक दिवस गेला. ठेकेदार कुरकुरला. पण आजी एकही दिवस घराबाहेर राहिल्या नाहीत. उलट तुमच्या गवंड्यांना रोज दुपारी त्यांच्याकडून चहा जायचा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. इमारतीच्या नकाशावर माणसाची उभं राहायची जागा मापासकट लिहिलेली आम्ही पहिल्यांदा पाहिली.

आम्हाला वाटतं, सचोटी असते ती अशाच ठिकाणी. दुरुस्तीच्या सल्लागाराची फी बहुतेकदा खर्चाच्या टक्केवारीवर ठरते. काम जितकं फुगेल तितकी फी वाढते. आणि तुम्ही मात्र अंदाजपत्रकातली कामं कमी करत गेलात. पूर्ण इमारतीचं प्लास्टर काढायचं कलम तुम्ही खोडलंत, पोकळ वाजेल तेवढंच काढायचं असं लिहिलंत. जिन्याचा मोझॅक काढून ग्रॅनाइट बसवायची आमच्यातल्याच काहींची मागणी होती. तुम्ही वाद घातला नाहीत. एक पायरी साठ, एकशे वीस, तीनशे वीस नंबरच्या दगडांनी घासून घेतलीत आणि सभासदांना दाखवलीत. ग्रॅनाइटचा विषय तिथेच संपला. छज्जांच्या खालच्या कडेची पाणी तोडणारी खाच जुन्या ठेकेदाराने प्लास्टरने बुजवली होती, त्यामुळे पाणी कडेवरून खाली न पडता उलटं आत सरकत होतं. ती खाच तुम्ही प्रत्येक छज्जाला पुन्हा काढून घेतलीत. बोटभर खाच रस्त्यावरून कोणाला दिसत नाही, आणि त्यासाठी कोणी शाबासकीही देत नाही.

अशा कामाला पैशापलीकडचं काहीतरी लागतं. माणसांना फसवणं सोपं असताना न फसवणं, भिंतीआड झाकलं जाणार असलेलं कामही उघड्यासारखं करणं, म्हाताऱ्या माणसाला अडचण न समजणं. आम्ही इतकी वर्षं गोड बोलणारी माणसं पाहिली. तुम्ही कमी बोलणाऱ्या, क्वचित कडकही. कमिटीतल्या एकाने रंग लवकर द्यायचा आग्रह धरला, तेव्हा नवं प्लास्टर सुकेपर्यंत थांबा, एवढंच सांगून तुम्ही फोन ठेवलात. तुम्ही बरोबर होतात.

तुमचे साइट इंजिनिअर, मुकादम, सेंटरिंगवाले, आणि ऐन उन्हात परांचीवर उभं राहून खाच काढणारे गवंडी, या सर्वांना आमचा नमस्कार सांगा. ट्रेसिंगच्या कापडावरच्या नकाशाची जी प्रत तुम्ही दिलीत, ती सोसायटीच्या ऑफिसात लावली आहे. पाइप टाकायला येणाऱ्या प्रत्येक प्लंबरला आता आधी ती दाखवली जाते.

तुम्ही आखून दिलेली पावसाळ्यापूर्वीची पहिली तपासणी झाली. गच्चीची तोंडं साफ केली, ईशान्येच्या कोपऱ्यातलं पिंपळाचं रोप मुळासकट काढून ती भेग भरली, न्हाणीघरांच्या जाळ्या उघडून पाहिल्या. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या बाजूला केसाएवढी एक भेग दिसली. तुम्ही शिकवल्याप्रमाणे तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख घातली आहे. पट्टी अजून अखंड आहे. ती तडकली तर लगेच कळवू.

आपले,
सोसायटीचे सर्व सभासद